सहावं पाणी

१

आम्ही पाच जण होतो आणि त्या बाईने सहा जणांच्या हातांवर पाणी घातलं.

त्या खानावळीत जेवणाआधी तसं करतात. तांब्याचा उंच चंबू, पितळी परात, खांद्यावर जाडाभरडा टॉवेल. बाई बाकामागून फिरत येते, आपण हात पुढे करायचे, ती पाणी सोडते, टॉवेल देते. आधी बाबा, मग आई, मग माल्ले आत्या. टेबलाला वळसा घालून ती आमच्या बाजूला आली. बाहेरच्या टोकाला मी आणि माझ्या आत लोरे, माझी धाकटी बहीण. लोरेच्या पलीकडे थेट भिंतीपर्यंत बाक रिकामं होतं. बाई तिथवर गेली, परात पुढे धरली आणि चंबू कलता केला. आमच्याइतकाच वेळ. मग टॉवेल उलगडून हवेत धरला, जरा थांबली, आणि परत खांद्यावर टाकून निघून गेली.

मी लोरेला कोपर मारलं. "पाहिलंस?"

"काय?"

"तिने तिथे पण पाणी घातलं. कुणी नाहीये तिथे."

"उरलेलं ओतून टाकलं असेल."

असेल. पण परातीत सरळ पडणारं पाणी कसं पडतं ते मला माहीत आहे. एक सलग धार, पितळेवर खणखणीत. हातांवरून येणारं पाणी तुटत तुटत, थपथप पडतं. मला ऐकू आला तो आवाज तुटका होता.

"काय गं केर्तू, पुन्हा उंदीर दिसला का?" समोरून आत्याने विचारलं, आणि आई तिला दटावायच्या ऐवजी स्वतःच हसली.

सांगून टाकते, मी घाबरट आहे. टोस्टरमधून पाव वर उडाला तरी दचकते. ट्रामची घंटा वाजली की छातीवर हात जातो. तार्तू शहरात शिकले, तिथेच विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या पत्रांच्या याद्या करते, आणि दिवसभर मोजण्याचं काम असल्यामुळे बाहेरही मोजत बसते. पायऱ्या, खिडक्या, माणसं. तेव्हा पाच आणि सहामधला फरक मला जरा जास्तच जाणवतो, असं घरच्यांचं म्हणणं. त्या दुपारी मीही स्वतःला तेच सांगितलं.

२

बाबांना साठ वर्षं पूर्ण झाली त्याचं जेवण होतं. जागा लोरेने ठरवली, निव्वळ खोडी म्हणून. बाबा चाळीस वर्षं वीजतंत्री, अर्ध्या मुस्तामे उपनगराच्या इमारतींतल्या तारा त्यांच्या हातच्या. त्यांना तिने ताल्लिनच्या जुन्या गावातल्या अशा ठिकाणी नेलं, जिथे विजेचा एक दिवा नाही. सगळं सहाशे वर्षांपूर्वीचं म्हणे. मेणबत्त्या, लाकडी चमचे, मातीचे पेले, आणि लोकरी झगे घालून "थोर पाहुणेहो, आसनस्थ व्हावं" म्हणणारे वाढपी.

"साठी आली तेव्हा मला अंधारात आणून बसवलंत," बाबा म्हणाले. छताकडे बघून त्यांनी उगाच मान हलवली. "एक तार ओढली असती तर काय बिघडलं असतं?"

"तुझं डोकं उजळलेलं आहे तेवढं पुरे," आत्या म्हणाली. बाबांना टक्कल पडून वीस वर्षं झाली.

खरं म्हणजे आम्ही ताल्लिनची माणसं असल्या ठिकाणी जात नाही. ती जहाजातून उतरणाऱ्यांसाठी. जुन्या गावात आपण सरकारी कामाला जातो, डिसेंबरात चौकातल्या बाजारात एकदा चक्कर मारतो, आणि घसरून पडायच्या आत घरी येतो. त्या खोलीतही आमच्याशिवाय कुणीच आपलं नव्हतं. मागच्या टेबलावर जर्मन म्हाताऱ्यांचा गट, दारापाशी फिनलंडचं एक जोडपं.

साडेतीन वाजले होते आणि बाहेर काळोख पडायला लागलाच होता. खोली लांबट, कमानी छताची, रस्त्यापेक्षा चार पायऱ्या खाली. भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात माणूस आडवा झोपेल. चौकातलं बाजाराचं संगीत आत पोचत नव्हतं. आत जो आवाज व्हायचा तो आतच राहायचा. कुणी पेला ठेवला की तो ठोका भिंतीपर्यंत जाऊन परत यायचा. फोनला रेंज नव्हती, आणि तसेही सगळ्यांचे फोन वर दारापाशी टांगलेल्या कोटांत राहिले होते.

आमच्या टेबलापासून पाच-सहा पावलांवर, चुलीच्या बाजूला, आणखी खाली जाणारा एक दगडी जिना होता. बसल्या जागेवरून मला त्याच्या वरच्या तीन पायऱ्या दिसत होत्या.

३

"सरक ना," मी म्हटलं.

"तू सरक," लोरे म्हणाली.

"मी कुठे सरकू? खाली पडेन."

खरंच माझी एक मांडी बाकाबाहेर होती. बसताना आमच्यात हातभर अंतर होतं. आता तिचा खांदा माझ्या खांद्यावर दाबत होता. तिच्या त्या मोहरीच्या रंगाच्या स्वेटरची लोकर माझ्या मानेला टोचत होती.

"पलीकडे एवढी जागा आहे, लोरे."

तिने भिंतीकडे पाहिलं. "हो की," म्हणाली, आणि सरकली नाही. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "तिकडे गार लागतं."

जेवण आलं. ताटांऐवजी काळ्या पावाचे जाड काप, त्यावर एल्क हरणाचं मांस, शिजवलेले सातू, आंबवलेला कोबी. मी मोजले. मोजणारच. सहा काप होते. सहावा बाईने लोरेच्या पलीकडे ठेवला, आणि मी काही विचारायच्या आत आत्या म्हणाली, "बघ, हे लोक आपल्यासारखे कंजूष नाहीत. तो मी घरी नेणार."

मी चार आकडे मोजत श्वास घेतला, चार मोजत सोडला. मला शिकवलंय तसं. मग खायला लागले, आणि मांस चांगलं होतं.

कोबीत अळंबी निघाली तशी बाबांना त्यांची आवडती गोष्ट आठवली. आम्हाला पाठ आहे ती, पण साठीच्या माणसाला कोण अडवणार?

"लोरे सहा वर्षांची होती," बाबांनी सुरू केलं. "अळंबी वेचायला गेलो होतो जंगलात. केर्तूला सांगितलं होतं, हिच्यावर लक्ष ठेव. बारा वर्षांची घोडी ही. हिने टोपलीत बघितलं, आणि वर बघते तर बहीण गायब."

"बाबा, पुरे," मी म्हटलं.

"दोन तास! 'ऊ-हूऽऽ, लोरेऽऽ' करून सगळ्यांचे घसे बसले. ही रडून रडून लाल झालेली. आई पोलिसांना बोलवायला निघाली. आणि ही महामाया कुठे होती?"

"फर झाडांच्या झुडपात," लोरे तोंडात घास घेऊन म्हणाली. "वीस पावलांवर. मला सगळं ऐकू येत होतं."

"मग उत्तर का नाही दिलंस कारटे?" आत्याने दर वेळेसारखं विचारलं.

"मजा येत होती."

"तर मी काय केलं," बाबा पुढे झुकले, "हाका मारायचं सोडलं. ओंडक्यावर पावाचा डबा उघडून ठेवला आणि मोठ्याने म्हटलं..."

"अन्न पुरो!"

"पुरायला हवंच," लोरे म्हणाली.

सगळे हसले. गोष्टीचा शेवटच तो आहे. कुणी जेवत असताना दारात आलेला माणूस 'अन्न पुरो' म्हणतो, जेवणारा 'पुरायला हवंच' म्हणतो आणि सरकून त्याला जागा करून देतो. हे आमच्यात कुणी विचार करून करत नाही. ठेच लागल्यावर तोंडातून 'आई गं' निघतं तसं निघतं. सहा वर्षांची लोरेही झुडपातून तशीच बोलून गेली होती आणि पकडली गेली होती.

मी मात्र हसले नाही. कारण मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते. 'मोठ्याने म्हटलं' म्हणून ते परिणामासाठी थांबले होते, पेला ओठाला लावलेला होता. ते शब्द त्यांनी उच्चारले नव्हते. शब्द आले होते माझ्या उजवीकडून, लोरेच्या पलीकडून, भिंतीच्या बाजूने. खरखरीत आवाज, घाई नसलेला. दारात उभं राहून टोपी काढत बोलावं तसा.

"कोण बोललं आत्ता?" मी विचारलं.

"मी," बाबा म्हणाले. "गोष्ट कोण सांगतंय?"

"तू पीत होतास."

बाबांनी पेल्याकडे पाहिलं. मग आईकडे. "म्हटलं ना मी?"

"तूच म्हणालास," आई म्हणाली. "दर वेळी तूच म्हणतोस."

आणि हे इतकं बरोबर होतं की मलाही क्षणभर पटलं. दर वेळी तेच म्हणतात. शंभरदा ऐकलेली गोष्ट माणूस कानांनी ऐकत नाही, आठवणीने ऐकतो. मी मान डोलावली.

लोरे तेवढ्यात आणखी माझ्याकडे सरकली. या वेळी तिने मला ढकललं असं वाटलं नाही. तिला कुणीतरी ढकललं, आणि ती माझ्यावर आली. जागा करून दिल्यासारखं.

४

"मी जाऊन येते," लोरे म्हणाली.

"कुठे?"

"नाचायला. अगं बाथरूमला, कुठे काय? ऊठ."

"मी येते बरोबर."

"केर्तू, मी अठरा वर्षांची आहे. मला एकटीला जमतं ते."

"घेऊन जा गं तिला," आत्या म्हणाली, "नाहीतर ही इथे मोजत बसेल तुझी मिनिटं."

लोरेने टेबलावरची एक मेणबत्ती बैठकीसकट उचलली. मी उठून तिला वाट दिली. ती बाकावरून उठली तसं लाकूड करकरलं आणि बाक किंचित वर आलं, हलकं झाल्यासारखं. मी परत टेकणार तोच ते आणखी एकदा करकरलं. आणखी एकदा वर आलं.

मी उभीच राहिले. लोरे चुलीपाशी पोचली होती. तिने जिन्याकडे पाहिलं, मेणबत्ती खाली धरली आणि उतरायला लागली. तिचे केस, मग कपाळावरचा उजेड, मग नुसताच छतावर हलणारा पिवळा डाग, मग तोही नाही.

मी बसले. बाक एकदम मोकळं होतं. ऐसपैस. भिंतीपर्यंत हात पसरून बसता येईल इतकं.

आईने पिशवीतून घरी केलेला क्रिंगल, वाढदिवसाचा गोड वेटोळा पाव, काढला. बदाम लावलेला, साठचा आकडा पिठीसाखरेने काढलेला. "ही आली की कापू," म्हणाली. बाबा मधाची बिअर पीत होते. मागच्या टेबलावरचे जर्मन गायला लागले, मग थांबले. मी मोजत होते. चारशेपर्यंत मोजलं. सहाशेपर्यंत.

"फार वेळ झाला," मी म्हटलं.

"रांग असेल," आई म्हणाली.

"कुणाची? दहा माणसं आहेत इथे."

"लपली असेल," बाबा म्हणाले. "गोष्ट ऐकून परत चढली असेल हुक्की. तू तिकडे गेलीस की भॉक करेल."

ते खरं असण्याची शक्यता बरीच होती. लोरेला ओळखणारा कुणीही तेच म्हणाला असता. मी उठताना लोरेच्या पलीकडचा पावाचा काप पाहिला. त्यावर मांसाचा रस मुरला होता आणि एक कडा खाल्लेली होती. मोठे, रुंद चावे. पावाजवळ लाकडावर ओलं होतं. पाण्याचे थेंब, दोन ओळींत, जिथे कुणी हात टेकले असते तिथे.

५

ती पाणी घालणारी बाई चुलीपाशी काप टोपलीत भरत होती. पन्नाशीची, गोल चेहऱ्याची, लोकरी टोपीखालून चष्मा.

"बाथरूम खालीच ना?" मी विचारलं.

"वर, प्रवेशद्वारापाशी, थोर पाहुण्यांनी डावीकडे..." ती ठरलेल्या सुरात म्हणाली.

"माझी बहीण खाली गेली. आत्ताच. बारा मिनिटं झाली."

बाईचे हात थांबले. "खाली कशी जाईल? खाली नुसतं तळघर आहे. दार बंद असतं."

"मी पाहिलं तिला जाताना."

तिने जिन्याकडे पाहिलं. मग आमच्या टेबलाकडे. मग माझ्याकडे, अगदी नीट, जणू आत्तापर्यंत पाहिलंच नव्हतं. आणि जेव्हा बोलली तेव्हा तिचा तो नाटकी सूर गेला होता. ती माझ्या शेजारच्या मावशीसारखं बोलत होती.

"तुम्ही इथलेच का गं? मला वाटलं फिनलंडचे. ते जोडपं आलं, त्यांच्याबरोबरचे."

"आम्ही मुस्तामेचे."

"अगं बाई." तिने टोपली खाली ठेवली. "जेवताना कुणी काही म्हणालं का? म्हणजे, येऊन. आणि तुमच्यातल्या कुणी उत्तर दिलं का?"

मी होकारार्थी मान हलवली.

"कुणी दिलं?"

"लोरेने. माझ्या बहिणीने."

"मला एवढंच सांगितलंय, की एक पाणी जास्त घालायचं आणि एक काप जास्त ठेवायचा," बाई भराभर बोलायला लागली, माझ्याशी कमी आणि स्वतःशी जास्त. "माझ्या आधीची होती तीही घालायची. मी कधी विचारलं नाही. नऊ वर्षं झाली मला इथे. आवाज मीही ऐकलाय, दोन-तीनदा. पण जर्मन येतात, फिनलंडचे येतात, जहाजं भरभरून येतात. त्यांना काय कळतंय? ऐकलं तरी बघतात आणि हसतात. उत्तर कुणी देत नाही. त्यांना येतच नाही द्यायला." तिने चष्मा काढला आणि तसाच हातात धरून राहिली. "आपली माणसं कुठे येतात इथे? तुम्ही कशाला आलात?"

"खाली काय आहे?"

"काही नाही. रिकामं आहे. दगड आहेत." ती मागे सरली. "मी येणार नाही खाली. तुझ्या वडिलांना बोलावते. थांब इथेच. ऐकतेस का? थांब."

ती टेबलाकडे वळली. मी थांबणारच होते. मी आज्ञाधारक आहे, आणि भित्री तर आहेच. पण जिन्याच्या खालच्या वळणावर भिंतीला एक अंधूक पिवळा उजेड होता, आणि मी बघत असताना तो थोडा कमी झाला. मेणबत्ती संपत आल्यावर होतो तसा. ती विझली की खाली अंधार होणार, आणि लोरे त्या अंधारात.

बारा वर्षांची असताना मी टोपलीत बघितलं होतं. त्या दोन तासांतलं एकेक मिनिट मला पाठ आहे.

६

अकरा पायऱ्या. मी मोजल्या, मोठ्याने, कारण माझा आवाज ऐकू आला की बरं वाटतं. सातव्या पायरीनंतर आकडे माझ्यापर्यंत परत यायचे बंद झाले. वरच्या खोलीत सगळे आवाज भिंतीवरून परत येत होते, इथे ते पुढे कुठेतरी जात राहिले.

शेवटच्या पायरीवर लोरेची मेणबत्ती ठेवलेली होती. नीट, कडेला, जाणाऱ्याचा पाय लागू नये अशी. टेबलावरून उचलली तेव्हा ती वीतभर होती. आता बोटाच्या पेराएवढी उरली होती आणि भोवती मेणाचं थारोळं साचलं होतं. बारा मिनिटांत एवढं मेण जळत नाही. मी हे पुन्हा पुन्हा मनात म्हटलं, बारा मिनिटांत एवढं जळत नाही. जणू कुणी चूक कबूल करेल.

समोर दार होतं. बुटकं, माझ्या छातीएवढं. अर्धं उघडं.

"लोरे?"

दारापलीकडून गार हवा येत होती, ओल्या दगडाचा वास, आणि त्यात ताज्या काळ्या पावाचा. नुकत्याच भट्टीतून काढलेल्या. आणि आवाज येत होता. मला तो लगेच ओळखू आला नाही, कारण तसा आवाज अशा ठिकाणी अपेक्षित नसतो. लाकडावर सुरी. पेला ठेवल्याचा ठोका. चावणं. पुष्कळ माणसं एका टेबलाला बसून जेवत होती आणि कुणी एक शब्द बोलत नव्हतं.

वरचंच ऐकू येत असेल, मी स्वतःला म्हटलं. चुलीच्या धुराड्यातून आवाज खाली येतात. जर्मन म्हातारे जेवताहेत. हे अगदी समजण्यासारखं होतं. पण जर्मन केव्हाच जेवून गायला लागले होते.

मी मेणबत्ती उचलली, वाकले आणि दारातून आत धरली.

एका टेबलाचं टोक दिसलं. त्यापुढे काही नाही, उजेड तेवढाच पोचत होता. टोकाशी बाक होतं. बाकावर बसलेल्यांचे हात दिसले, फक्त हात, कोपरापर्यंत, पावावर. ओले होते. बोटांवरून पाणी ठिबकत होतं, आणि ठिबकून संपत नव्हतं. एका ओळीत किती हात होते ते मी मोजलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी काही मोजलं नाही. कारण तिसऱ्या जोडीच्या शेजारी मोहरीच्या रंगाच्या स्वेटरची बाही होती. ती बाही पाव मोडत होती.

"लोरे," मी म्हटलं. "चल. क्रिंगल कापायचाय."

बाही थांबली नाही.

"लोरे, मजा पुरे झाली. लोरे!"

काही नाही. चावणं तेवढं चाललेलं.

"ऊ-हूऽऽ," मी केलं, जंगलात करतो तसं. आवाज इतका बारीक निघाला की मलाच लाज वाटली. मग पुन्हा केलं. मग पुन्हा. वरून बाबांची हाक आली, "केर्तूऽऽ! सापडली का?" मी त्यांना ओ दिली नाही. तिथे उभं राहून कुणाच्याही कशालाही उत्तर द्यायची माझी हिंमत नव्हती. बाबांच्या आवाजालासुद्धा नाही.

मेणबत्तीची वात तिरपी झाली आणि मेणात बुडायला लागली.

तेव्हा मला ओंडका आठवला, आणि पावाचा उघडा डबा. दोन तासांच्या हाकांना जे जमलं नव्हतं ते बाबांना दोन शब्दांत जमलं होतं. लोरे नावाला ओ देत नाही. लहानपणापासून देत नाही. पण त्याला देतेच.

मी विचार केला, हे मला लिहून ठेवायचं आहे, की मी विचार केला. म्हणणारा बाहेर उभा असतो आणि उत्तर देणारा आत बसलेला असतो. तिने उत्तर दिलं तर ती त्यांच्यात बसलेली आहे हे नक्की होईल. नाही दिलं तर ती बाही नुसती बाही आहे, आणि माझी बहीण कुठेच नाही. आणि उत्तर मिळालं की म्हणणाऱ्याला जागा करून देतात, हेही मला ठाऊक होतं. मोकळ्या हाताने दाराची चौकट धरली. दगड ओला होता.

बाबांची पावलं जिन्यावर वाजायला लागली. एक, दोन. वात बुडाली.

"अन्न पुरो," मी अंधारात म्हटलं.

चावण्याचा आवाज थांबला. सगळ्यांचा, एकदम. मग बाक करकरलं, आणि पुन्हा करकरलं, आणि पुन्हा, टेबलाच्या लांबच्या टोकापासून माझ्या दिशेने, माणसं एकामागून एक सरकत यावीत आणि एक जागा मोकळी व्हावी तसं. माझ्या अगदी जवळ, परातीत पाणी पडल्याचा आवाज आला.

"पुरायला हवंच," लोरे म्हणाली. तोंडात घास होता.